एच, जे, के, एल आणि कळंबचा टायपिंग क्लास

मंडळी, या शनिवारी जरा धंद्याच्या गोष्टी. पण आयटीत नसलेल्यांनी लगेच पळू नका, गाडी शेवटी मराठवाड्यातच येऊन थांबणार आहे.

आमच्या क्षेत्रात काही भांडणं वाडवडिलांपासून चालत आली आहेत. कोडमध्ये टॅब द्यावा की स्पेस, हे एक. आणि त्याहून जुनं, त्याहून चिवट भांडण म्हणजे टर्मिनलवर कुठला एडिटर चांगला: व्ही-आय, ईमॅक्स की बिचारा नॅनो? टीममध्ये नवीन पोरं आली की पहिल्या महिन्यात कुणीतरी हे विचारतंच. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सर्व्हर नावाचं मशीन आपल्यासमोर नसतं, कुठेतरी लांब असतं. त्याच्याशी बोलायला एक काळी खिडकी मिळते. तिथे माऊस नाही, मेनू नाही, सेव्हचं चित्र नाही. त्या खिडकीत फाइल उघडून चार ओळी बदलायच्या तर जे काय करायचं ते की-बोर्डवरच. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन झोपलं आणि कॉन्फिगरेशनमधली एक ओळ बदलायची असली, की आपल्या बोटांना काय येतं आणि काय येत नाही ते बरोबर कळतं.

कुठला एडिटर शिकावा, याचं उत्तर मी शेवटी देणारच आहे. पण त्याआधी मला त्याहून मजेशीर वाटणारा प्रश्न असा, की हे शॉर्टकट इतके विचित्र का? एक ओळ खाली जायला 'जे' का? बाहेर पडायला कोलन, क्यू का? मुद्दाम छळायला ठेवलंय का कुणी?

नाही. माझं म्हणणं असं आहे, की प्रत्येक शॉर्टकट ही एका मेलेल्या मशीनची खूण असते. मशीन दहा-पंधरा वर्षांत भंगारात जातं. बोटांना लागलेली सवय मात्र चाळीस-पन्नास वर्षं टिकते, आणि पुढच्या पिढीला वारशात मिळते. हे जसं कॅलिफोर्नियात घडलं तसंच आमच्या कळंबच्या टायपिंग क्लासमध्येही घडलं. फरक एवढाच, की तिथे वारसा मिळाला आणि इथे बिल आलं.

कागदावरचा एडिटर

सुरुवात १९६९ पासून करू. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन युनिक्सची पायाभरणी करत होता आणि त्यासाठी त्याने 'ईडी' नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी त्याच्यासमोर स्क्रीन नव्हता. होता तो टेलिटाइप, म्हणजे विजेवर चालणारा टाइपरायटरच म्हणा ना. तुम्ही टाइप करायचं, ते कागदाच्या रोलवर छापलं जायचं आणि मशीनचं उत्तरही त्याच कागदावर यायचं. वेग सेकंदाला १० अक्षरं. कळाही अशा जड, की चार वाक्यं लिहिली तरी बोटं दुखावीत.

आता अशा यंत्रावर कुणी लांबलचक आज्ञा लिहील का? म्हणून सगळं एकेका अक्षरात. छापायला पी, काढून टाकायला डी, साठवायला डब्ल्यू, बाहेर पडायला क्यू. चूक झाली तर ईडी फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. बास! काय चुकलं ते तुम्हीच शोधा. आज हे उद्धटपणाचं वाटतं, पण सेकंदाला १० अक्षरं या वेगाने चार ओळींचा खुलासा वाचत बसण्यापेक्षा एक '?' परवडतं.

हीच डब्ल्यू आणि क्यू आपण आज व्हिममध्ये कोलन लावून मारतो. कागद गेला, टेलिटाइप गेला, बेल लॅब्सचं पहिलं वैभवही गेलं. डब्ल्यू-क्यू आहे तिथेच आहे.

चौसष्ट सेकंदांची किंमत

पुढचा अंक बर्कलीचा. १९७६ च्या आसपास बिल जॉय नावाचा विद्यार्थी (हाच पुढे सन मायक्रोसिस्टीम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला) स्क्रीनवर चालणारा एडिटर लिहीत होता. प्रेरणा लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कुलुरिस यांच्या 'ईएम' या एडिटरची. जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. स्क्रीन ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, म्हणजे १९२० अक्षरं. भागाकार करा: पूर्ण स्क्रीन एकदा नव्याने रंगवायला ६४ सेकंद!

हा आकडा लक्षात ठेवला की व्ही-आयचा अर्धा स्वभाव उलगडतो. स्क्रीनवर काही दाखवणं महाग, म्हणून मेनू नाहीत. आज्ञा छोट्या, कारण प्रत्येक अक्षर फोनच्या तारेवरून जाणार. 'डी डब्ल्यू' म्हणजे एक शब्द उडवा, '३ डी डी' म्हणजे तीन ओळी उडवा. क्रियापद, संख्या, कर्म. एक छोटीशी भाषाच म्हणा.

आणि एच, जे, के, एल? जॉयकडे लिअर सिग्लर कंपनीचा एडीएम-३ए हा टर्मिनल होता. त्याच्या की-बोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण छापले होते ते याच चार अक्षरांवर: एचवर डावा, जेवर खाली, केवर वर, एलवर उजवा. एस्केपची कळ क्यूच्या शेजारी, म्हणजे आज टॅब असतो तिथे. म्हणून व्ही-आयमध्ये घडोघडी एस्केप दाबणं जॉयला जड वाटलं नाही. आपल्याला वाटतं, कारण आपल्या की-बोर्डवर एस्केप पार वरच्या कोपऱ्यात जाऊन बसलंय. कोलनला तिथे शिफ्ट लागत नव्हता. आणि 'होम' लिहिलेल्या कळेवरच ~ हे चिन्ह होतं. युनिक्समध्ये आपल्या होम डिरेक्टरीला आपण ~ का लिहितो, त्याचा उगम हाच.

पण एडीएमवाल्यांनी तरी जेवर खालचा बाण का छापला? इथे गंमत आणखी एक थर खाली जाते. आस्की या संकेतात कंट्रोल दाबून अक्षर मारलं की त्या अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. एच ७२, वजा ६४ म्हणजे ८. आणि आस्कीत ८ म्हणजे बॅकस्पेस, एक घर मागे. जे ७४, वजा ६४ म्हणजे १०. १० म्हणजे लाइन फीड, एक ओळ खाली. झालं! डावा बाण एचवर आणि खालचा जेवर का, याचं उत्तर एका वजाबाकीत आहे.

हीच वजाबाकी पुढे चालवून बघा. कंट्रोल-एम म्हणजे १३, कॅरेज रिटर्न. कंट्रोल-जी म्हणजे ७, घंटा. कंट्रोल-आय म्हणजे ९, टॅब. कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस म्हणजे २७, एस्केप. (व्हिमवाल्यांनो, एस्केप लांब पडत असेल तर हे वापरा, फुकटचा सल्ला.) कंट्रोल-एस म्हणजे १९, 'थांब' हा टेलिटाइपचा इशारा. टर्मिनलवर सवयीने सेव्हसाठी कंट्रोल-एस मारलं आणि सगळं गोठलं असं झालंय ना कधी? मशीन बिघडलेलं नसतं. ते १९६० च्या दशकातला हुकूम इमानदारीत पाळत असतं. कंट्रोल-क्यू मारा, परत चालू होईल.

बाकीची भावकी

इतरांची कूळकथा जरा भरभर घेतो. ईमॅक्सही १९७६ चाच. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमनने गाय स्टील वगैरे मंडळींच्या मॅक्रोंवरून तो उभा केला. तिथल्या की-बोर्डवर कंट्रोलबरोबर 'मेटा' नावाची कळ होती, आणि पुढच्या लिस्प मशीनच्या की-बोर्डांवर कंट्रोल स्पेसबारच्या शेजारीच, अंगठ्याखाली. त्या सुखात ईमॅक्सच्या दोन-दोन, तीन-तीन कळांच्या जोडण्या वाढल्या. पुढे कंट्रोल सरकला कोपऱ्यात आणि ईमॅक्सवाल्यांची करंगळी दुखायला लागली. तुम्ही ईमॅक्स कधी उघडला नसेल तरी वापरता मात्र नक्की. बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, जुनी आज्ञा शोधायला कंट्रोल-आर, ही सगळी ईमॅक्सचीच देणगी.

वर्डस्टार १९७८-७९ चा. त्यात कर्सर हलवायला कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स. की-बोर्डवर बघा, चौकटच्या पत्त्यासारखा आकार दिसेल. त्याच कळा बोरलँडने टर्बोच्या एडिटरमध्ये घेतल्या. आणि टर्बो सी म्हटल्यावर आपल्या पिढीतल्या कुणाच्या डोळ्यांपुढे ती निळी स्क्रीन येत नाही? आल्ट-एफ-५ मारून आउटपुट बघणं, कंट्रोल-एफ-९ ने रन करणं. जगाने १९९० च्या दशकातच सोडून दिलेलं ते सॉफ्टवेअर आपण डॉसबॉक्समध्ये बसवून प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी वापरलं. :-) सवय मशीनपेक्षा जास्त जगते, याचा यापेक्षा घरगुती पुरावा काय देऊ?

आणि एक माणूस या सगळ्याच्या विरुद्ध होता. लॅरी टेस्लर. झेरॉक्स पार्कमध्ये आणि नंतर ॲपलमध्ये काम केलेला हा गृहस्थ 'मोड' या कल्पनेचा हाडवैरी. मोड म्हणजे तीच कळ कधी अक्षर लिहिते तर कधी हुकूम देते, जसं व्ही-आयमध्ये होतं. टेस्लरचं मत, की याने माणूस गोंधळतो. त्याच्या गाडीची नंबरप्लेटसुद्धा 'नो मोड्स' अशी होती! कट-कॉपी-पेस्ट आपल्यापर्यंत पोचलं ते त्याच्यामुळे. तो २०२० मध्ये गेला. त्याचं म्हणणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कळंब

वर आलेले शब्द परत बघा: कॅरेज रिटर्न, लाइन फीड, घंटा, शिफ्ट, बॅकस्पेस. हे कॉम्प्युटरचे शब्द नाहीतच. हे टाइपरायटरचे शब्द आहेत. आणि ते मी पहिल्यांदा ऐकले ते कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये नाही, तर कळंबला.

कळंब म्हणजे मांजरा नदीकाठचं तालुक्याचं गाव, जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. २०१३ च्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा झाली आणि घरच्यांनी मला टायपिंग क्लासला घातलं. का? कारण आमच्याकडे दुष्काळ सवयीचा आणि नोकरी नवलाची. आणि सरकारी जाहिरातीत लिपिक-टंकलेखक या पदाखाली तेव्हा एक वाक्य हमखास असायचं: मराठी ३० शब्द प्रतिमिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. 'मराठी तीस, इंग्लिश चाळीस' हे आमच्या भागातल्या कितीतरी पोरापोरींना पाढ्यासारखं पाठ. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. पत्र्याची खोली, ओळीने मांडलेली यंत्रं आणि पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज. पहिला धडा सगळ्यांना एकच: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. तासन्‌तास. सर कळांकडे बघू द्यायचे नाहीत. "बोटाला बघू दे, तू कशाला बघतो?" असं म्हणायचे. पुढे व्हिम शिकताना याहून चांगला सल्ला मला कुठल्याही पुस्तकात मिळाला नाही.

तिथे लिव्हर ओढला की कॅरेज मागे यायचं आणि रूळही एक ओळ फिरायचा. एकाच हालचालीत दोन कामं: रिटर्न आणि फीड. कॉम्प्युटरमध्ये आल्यावर या दोन कामांची फारकत झाली. विंडोज ओळीच्या शेवटी दोन्ही चिन्हं लिहितो, युनिक्स फक्त लाइन फीड. म्हणून विंडोजवरून आलेली फाइल लिनक्सवर व्ही-आयमध्ये उघडली की कधी कधी ओळींच्या शेवटी 'कंट्रोल-एम'चं शेपूट दिसतं आणि स्क्रिप्ट चालत नाही. पहिल्या नोकरीत एक सीनियर या शेपटाने हैराण झाले होते. मला ते बघून क्लासमधला लिव्हर आठवला.

पण मराठी यंत्राची कहाणी याहून वेगळी आहे, आणि खरा मुद्दा तिथे आहे.

डोळ्याने लिहायचं की जिभेने?

कळंब १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. दप्तराची भाषा उर्दू. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. म्हणजे कारभार मराठीतून. आणि कारभार मराठीतून म्हणजे तहसील, पंचायत समिती, कोर्ट, सगळीकडे मराठी टाइपरायटर आणि तो चालवणारी बोटं हवीत.

यंत्र मात्र मुळात इंग्रजीसाठी घडलेलं. रेमिंग्टनने १८७४ मध्ये क्वर्टीची मांडणी बाजारात आणली, आणि आपल्याकडच्या देवनागरी मांडणीलाही नाव रेमिंग्टनचंच पडलं. यंत्रावर चिन्हांना जागा नव्वदच्या आसपास. त्यात आपली बाराखडी, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं कशी मावणार? मग काही अक्षरं अर्धीच ठेवली. पूर्ण हवं तर अर्धं मारा आणि पुढे काना मारा. आणि क्रम कागदावर दिसतो तसा. 'कि' लिहायचं तर वेलांटी आधी, क नंतर. रफार मात्र अक्षर लिहून झाल्यावर. थोडक्यात, टाइपरायटरवर मराठी डोळ्याने लिहायची. जीभ काय म्हणते याला महत्त्व नाही.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. सगळ्या भारतीय लिप्या ब्राह्मीच्या लेकी, मग संकेत आणि की-बोर्ड एकच का नको? त्यातून जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे गेलं. 'इस्की' हा संकेत (१९९१ मध्ये भारतीय मानक झाला) आणि 'इनस्क्रिप्ट' हा की-बोर्ड याच प्रवाहातले. इस्कीची युक्ती साधी आणि फार हुशार होती: खालची १२८ घरं इंग्रजीला जशीच्या तशी, वरची १२८ आपल्या लिपीला. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की वर्डस्टार, डीबेस यांसारखे डॉसचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. युनिक्सला जोडायचे जिस्ट टर्मिनलही निघाले. लक्षात घ्या, काळ्या खिडकीत मराठी आणण्याचं काम पुण्यात त्या काळी झालेलं आहे.

इनस्क्रिप्टमध्ये मराठी जिभेने लिहायची. आधी क, मग वेलांटी. रफारासाठी आधी र, मग हलन्त, मग अक्षर. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. मांडणी तर्कशुद्ध आहे, यात वादच नाही. युनिकोडची देवनागरीही इस्कीवरूनच बेतलेली.

मग कळंबच्या टायपिस्टांनी आनंदाने ती उचलली का? छे! ज्यांनी दोन-दोन वर्षं घासून 'वेलांटी आधी' बोटांत मुरवली, परीक्षा दिली, त्यावर नोकरी मिळवली, त्यांना 'आता वेलांटी नंतर' हे सांगणं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेव म्हणण्यासारखं. म्हणून सी-डॅकच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरलाही टाइपरायटरची मांडणी द्यावी लागली. शिवाय बाजारात असे फाँट आले, की ज्यात आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच आणि वर फक्त देवनागरीचं चित्र. टायपिस्टची सोय झाली, कार्यालयांची कामं झाली. पण अशी फाइल त्या फाँटशिवाय उघडा, व्ही-आयमध्ये उघडून बघा: इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर असा कुलपात पडला आहे.

यात दोष कुणाचा? टायपिस्टचा तर नक्कीच नाही. बिल जॉयच्या बोटांना जी सवय लागली ती जगभर 'परंपरा' ठरली, तिच्यासाठी व्हिमपासून ब्राउझरच्या प्लगिनपर्यंत सगळ्यांनी जागा केली. कळंबच्या टायपिस्टची सवय 'अडथळा' ठरली. दोन्ही सवयी तितक्याच जुन्या यंत्रांतून आलेल्या. २०११ मध्ये गोदरेजने टाइपरायटर बनवणं बंद केल्याची बातमी जगभर गाजली, पुढे काही वर्षांत परीक्षाही कॉम्प्युटरवर गेली. बोटं तीच राहिली.

व्ही-आय आणि इनस्क्रिप्ट समोरासमोर

आता एक प्रयोग करून बघा. लिनक्सवर की-बोर्ड मराठी इनस्क्रिप्ट करा आणि व्हिम उघडा. एच, जे, के, एल या कळांवर इनस्क्रिप्टमध्ये आहेत प, र, क, त. खाली जायला जे दाबाल तर व्हिमला मिळेल 'र', आणि तो ढिम्म हलणार नाही. लिहायला सुरुवात करायची आय ही कळ म्हणजे 'ग'. अक्षर खोडायची एक्स ही कळ म्हणजे अनुस्वार. ओळ उडवायचं 'डी डी' म्हणजे दोन हलन्त. आणि वैतागून कोलन-डब्ल्यू-क्यू मारलं तर स्क्रीनवर उमटतं 'छैौ'. व्हिममधून बाहेर कसं पडावं हा प्रश्न जगाला इंग्रजीतही पडतो, मराठीत तो असा दिसतो. :-)

मग उपाय? इथे टेस्लरला आठवा. मोड वाईट, तीच कळ दोन अर्थांनी नको. इंग्रजीपुरतं त्याचं बरोबर असेल. पण आपण मराठीवाले की-बोर्डवर बसलो की मोडमध्येच बसतो. जे ही कळ कधी जे, कधी र. दोन लिप्यांच्या माणसाला मोड चुकलेत कधी? आणि व्हिमला मोड मुळातच कळतात. त्यात 'कीमॅप' नावाची सोय आहे: फक्त इन्सर्ट मोडमध्ये अक्षरं बदलायची. मी एका रविवारी इनस्क्रिप्टची फाइल लिहिली, प्रत्येक ओळीत डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर, साधारण ऐंशी ओळी. आता सिस्टीमचा की-बोर्ड इंग्रजीच ठेवतो. इन्सर्ट मोडमध्ये मराठी उमटते. एस्केप दाबलं की एच-जे-के-एल परत एच-जे-के-एल. मराठी-इंग्रजी बदलायला कंट्रोल आणि ६. ज्या मोडला लोक शिव्या घालतात तोच आपल्या कामाचा निघाला! आणि हवी तर अशी फाइल रेमिंग्टनच्या मांडणीचीही सुरू करता येईल, जरी 'वेलांटी आधी' जमवायला ती पुरणार नाही, थोडा कोड लिहावा लागेल. ईमॅक्सवाल्यांना तर कंट्रोल आणि उलटा स्लॅश दाबून इनस्क्रिप्ट आयतं मिळतं, आणि त्यांच्या आज्ञा कंट्रोलबरोबर असल्यामुळे अक्षरांशी टक्करच होत नाही.

तरी एक दुखणं उरतंच. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका घरात एक अक्षर. 'विद्यार्थी' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. आता टर्मिनलने किती घरं द्यायची? बऱ्याच टर्मिनलांमध्ये रफार सुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते, कर्सर दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. जे जिस्ट कार्डवर दिसत होतं ते आज फुकट मिळणाऱ्या टर्मिनलमध्ये धड दिसू नये? हे काम ओपन सोर्समध्ये कुणीतरी करायचं आहे, आणि ते कुणीतरी मराठी, कन्नड, हिंदी लिहिणाऱ्यांपैकीच असणार. ज्याला रफार कुठे बसतो हे माहीत नाही तो ते कशाला दुरुस्त करेल?

तर मग कुठला शिकू?

सांगतो. आज रात्रीच काम उरकायचं असेल तर नॅनो. आज्ञा खालीच लिहिलेल्या असतात. ^ म्हणजे कंट्रोल एवढं कळलं की झालं. लाजायचं काही कारण नाही.

सर्व्हरवर नेहमी जावं लागत असेल तर व्ही-आय किमान कामापुरता शिकाच. तो पॉझिक्स मानकात आहे, त्यामुळे बहुतेक युनिक्स-लिनक्स मशीनवर कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतो. 'व्हिमट्यूटर' अर्ध्या तासात होतं. व्हिमचा कर्ता ब्राम मोलेनार २०२३ मध्ये गेला. नुसता व्हिम उघडला की युगांडातल्या मुलांना मदत करा असं आवाहन दिसतं, ते त्याचंच. बाहेर पडायच्या आधी एकदा वाचा. ज्यांना एकाच खिडकीत संसार थाटायचा आहे त्यांनी ईमॅक्स घ्यावा. आणि 'आता एआय कोड लिहितो, एडिटर कशाला?' असं म्हणणाऱ्यांना एवढंच: ती एआयची साधनंही परत टर्मिनलमध्येच येऊन बसली आहेत. त्यांनी लिहिलेली ओळ बदलायला बोटं तुमचीच लागतील.

पण कुठलाही घ्या, एक करा. एकच घ्या आणि दोन महिने बदलू नका. टायपिंग क्लासमध्ये कुणी आठवड्याला यंत्र बदलत नाही. आणि कळांकडे बघू नका, बोटाला बघू द्या.

आणि ऑफिसात एखादे जुने क्लार्क काका दोन पंजांनी धडाधड रेमिंग्टन मराठी मारताना दिसले तर 'युनिकोड वापरा ना काका' म्हणायच्या आधी थोडं थांबा. तुम्ही जे दाबून ओळ खाली उतरता, तेव्हा तुम्हीही एका भंगारात गेलेल्या यंत्राचाच की-बोर्ड चालवत असता. काकांना युनिकोड हवाच आहे, पण त्यांच्या बोटांसकट. ते जमवून देणं हे आपल्यासारख्या इंजिनिअरांचं काम आहे.

असो. बराच लांबलो. कीमॅपची फाइल कुणाला हवी असेल तर कळवा, पाठवून देतो. पुढच्या शनिवारी भेटूच. तोवर, छैौ!